पातळ दुधाचा हक्क

श्री

हुबळी, ता. १२ फेब्रुवारी १९३७

ती. सौ. अक्काच्या चरणी, धाकट्या श्रीकांतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. सुलभाचा खोकला बसला. दुकान बरे चालले आहे; तुपाला गिऱ्हाईक आहे, लोण्याला तर मागणी पुरवता येत नाही. पत्रास कारण असे की, यंत्र आले. गेल्या आठवड्यात पेटी स्टेशनावरून आणवली आणि दुकानाच्या ओट्यावरच फोडली, तर अर्धा बाजार जमला. वर भांड्यात दूध ओतायचे आणि बाजूचा दांडा फिरवायचा. दांड्याला एक घंटी आहे. वेग कमी असेल तोवर ती वाजते, पुरा झाला की गप्प बसते. मग एका तोटीतून मलई येते आणि दुसरीतून पातळ दूध. विरजण नको, रवी नको, पहाटे उठणे नको.

दूध विकत घेण्याचे पहिले केंद्र तुमच्या हिरेकोप्पात काढायचे मी ठरवले आहे. अळणावर स्टेशन तुम्हांला तीन मैल. सकाळची गाडी गाठली की मलई दुपारी हुबळीत, आणि लोणी दुसऱ्या दिवशी पुण्यात. दाजींना सांगून गोठ्याशेजारची पडवी मिळवून दे, भाडे रीतसर देईन. बायकांना समजावण्याचे काम तुझे. माझे बोलणे त्यांना व्यापाऱ्याचे वाटेल, तुझे वाटणार नाही.

आईचा उजवा खांदा तुला आठवत असेल. घुसळून घुसळून तो शेवटी वर जाईना, आणि तिची वेणी तुला घालावी लागे. निपाणीस होतो तेव्हा मी लहान होतो, पण ती पदर सावरताना डाव्या हाताने उजवा हात उचलायची, ते मला अजून दिसते. तुमच्या गावात एकाही बाईवर ती पाळी येऊ नये, असे मला मनापासून वाटते. यात मला चार पैसे मिळतील हे खरे, पण तेवढ्यासाठीच करतो आहे असे समजू नकोस.

दाजींना नमस्कार. चि. मालतीला सांग की आता सासूबाईंच्या आधी उठायची शर्यत संपली. तुझी माया आहे तशीच दाट राहो, एवढेच मागणे.

तुझा श्रीकांत

॥

श्री

हिरेकोप्प, ता. ९ मार्च १९३७

चि. श्रीकांत यास सुशीलाअक्काचे अ. उ. आ.

तुझा माणूस यंत्र लावून, पंधरा दिवस शिकवून परवा परत गेला. देवळातल्या बाळाचार्यांनी नारळ वाढवला आणि पहिला दांडा मलाच फिरवायला लावला. घंटी वाजत होती तोवर बायका हसत होत्या. ती गप्प झाली आणि मलईची धार लागली, तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्या शेजारच्या सोनाबाईंनी साठ वर्षे रवी ओढली आहे. त्यांनी यंत्राला हात जोडले आणि म्हणाल्या, हे माझ्या लग्नाच्या आधी का नाही आले.

मालती आता उजाडेपर्यंत झोपते. आठ दिवस तिला तसे झोपायची लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. मलाही दुपार मोकळी मिळाली. पाच मुली पाटी घेऊन ओट्यावर येतात, त्यांना मी अक्षरे गिरवायला लावते. यांचे म्हणणे, बायको मास्तर झाली, आता फी लाव. आईच्या खांद्याचे तू लिहिलेस ते मी मालतीला वाचून दाखवले. तुझ्या हाताला यश येवो.

एक विचारायचे राहिले. आमच्या मागल्या दारी रोज सकाळी सात-आठ बायका गाडगी घेऊन ताकाला यायच्या. पलीकडच्या गल्लीतली ही घरे. जमीन नाही, जनावर नाही, रोजची मजुरी. महादेवची बायको सीता तर घुसळायलाही हात लावायची. इतर घरांतूनही असेच चालायचे. ज्वारीची भाकरी आणि ताक, यावर त्या गल्लीतली मुले वाढली. आता ताक कोणाकडेच नाही. पहिले चार दिवस त्या आल्या, उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. मला दार उघडायचा संकोच वाटला. तेव्हा यंत्रातून जे पातळ दूध निघते, ते तू गावातच वाटून टाकावेस असे मला वाटते. त्याला तसेही पुण्यात कोण विचारतो. तुझे उत्तर आले की मी त्यांना सांगेन.

सुलभाने अडुळशाचा काढा सोडू नये. तुम्हां दोघांची वाट बघणारी,

अक्का

॥

श्री

हुबळी, ता. १६ मार्च १९३७

ती. सौ. अक्कास श्रीकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवले. सोनाबाईंचे बोलणे तर सर्वांना फार आवडले.

पातळ दुधाची चिंता नको, त्याची सोय झाली आहे. माझे भागीदार भीमराव यांनी त्याचा उत्तम उपयोग शोधला. ते दूध आंबट औषध घालून फाडायचे, चोथा दाबून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचा. त्याचा पांढरा रवा होतो. त्याला केसीन म्हणतात. मुंबईहून तो बोटीने परदेशी जातो आणि तिथे त्याच्या गुंड्या, कंगवे, छत्रीच्या मुठी होतात. दुधाच्या गुंड्या, अक्का. थेंबही वाया जात नाही. सोबत सहा पाठवतो आहे, दाजींच्या कोटाला लाव. हस्तिदंताच्या वाटतील.

वाळवणासाठी तुमचे खळे लागेल. राखणीला गावातलाच एक माणूस ठेवू, म्हणजे त्यालाही रोजगार होईल.

गडबडीत आहे, म्हणून थोडके लिहिले. मनात जागा थोडकी नाही हे तू जाणतेसच.

श्रीकांत

॥

श्री

हिरेकोप्प, ता. २ जून १९३७

चि. श्रीकांत यास अ. उ. आ.

गुंड्या मार्चमध्येच पोचल्या. यांनी कोटाला लावून घेतल्या आणि अळणावरच्या बाजारात चार जणांना दाखवल्या. मी उत्तर दिले नाही, कारण राग आला होता आणि रागात लिहू नये असे आईने शिकवले होते. अडीच महिने झाले. राग गेला नाही, तेव्हा आता लिहिते.

आमच्या खळ्यावर रोज चादरी पसरतात. त्यावर गावाचे दूध वाळत पडते. आंबूस वास घरात येतो, त्याचेही काही नाही. राखणीला तू सटवाजीला ठेवलेस. त्याच्या हातात काठी आहे. कावळे, कुत्री आणि मुले, तिघांना हाकलायचे असे त्याला सांगितले आहे. त्या मुलांत त्याची स्वतःची दोन आहेत. परवा त्याच्या धाकट्याने मूठभर रवा उचलून तोंडात घातला आणि तोंड वाकडे करून थुंकला. सटवाजीने त्याला मारले नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, अक्का, पूर्वी ही मुले मज्जिगे म्हणत ताक मागत, आता वाळू खातात. श्रीकांत, याला काय उत्तर द्यायचे ते तू सांग.

सीतेच्या घरी आता भाकरीबरोबर मिरचीचे पाणी असते. ती मजुरीला जाते तिथे चहा देतात. तो ती घरी आणून मुलांना बोट-बोट चाटवते. तिच्या धाकट्या गंगव्वाला दुसरे वर्ष चालू आहे. फाल्गुनात रांगत आमच्या ओट्यापर्यंत यायची, आता बसल्या जागी बसते.

आणखी एक गोष्ट आहे. ती माझी आहे म्हणून लिहू की नको असे झाले होते. घरातले दूध कायम पुरुषांचे, पण लोणी बायकांचे. म्हैस यांची, वैरण यांची, पण घुसळून काढलेले लोणी विकून आलेला पैसा माझ्या डब्यात पडे. त्यात मी मालतीचे बाळंतपण केले, पुस्तके घेतली, तुझ्या लग्नात तुला अंगठी केली. ती अंगठी यांना विचारून केली नव्हती. आता केंद्रावर दूध जाते ते यांच्या नावाने. तुझ्या वहीत गावातल्या एकाही बाईचे नाव नाही. सोनाबाईंनी आठ आणे मागितले तर मुलाने कशाला म्हणून विचारले. साठ वर्षांत त्यांना हे कोणी विचारले नव्हते.

मला यंत्र नको असे मी म्हणत नाही. रवी पुन्हा धरा असे मी मालतीला सुचवून पाहिले. तिने मला सरळ सांगितले की, तुमची पाठ निवली म्हणून तुम्हांला तत्त्वे सुचतात, मी ती दोरी पुन्हा हातात धरणार नाही. तिचे खरे आहे. म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. पातळ दूध गावाला परत दे, आणि वहीत बायकांची नावे घाल.

आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी उत्तराची वाट बघते आहे.

अक्का

॥

श्री

हुबळी, ता. १० जून १९३७

ती. सौ. अक्कास श्रीकांतचा नमस्कार. वि. वि.

पत्र पोचले. चार माणसांत फोडले आणि खाली मान घालावी लागली. एवढे कठोर लिहिण्यासारखे मी काय केले ते मला समजत नाही.

चार महिन्यांत हिरेकोप्पात काय झाले ते तू मोजलेस का? चौदा घरांवर नवी कौले चढली. दोन सायकली आल्या. अळणावरच्या शाळेत जाणारी मुले तीन होती, ती अकरा झाली. गावात चहाचे दुकान निघाले. हा पैसा आभाळातून पडला नाही, यंत्राने आणला. पूर्वी ते लोणी अळणावरच्या बाजारात पडेल भावाने जात होते आणि निम्मे उन्हाने खवट होत होते.

ताकाचे म्हणशील तर ते दान होते. दानाला मी वाईट म्हणत नाही, पण एक गल्ली दुसऱ्या गल्लीच्या मागल्या दारात गाडगे घेऊन उभी राहते, हे चांगले आणि कायम राहावे असे तुला वाटते का? मला वाटत नाही. त्यांची मजुरी वाढली पाहिजे आणि त्यांनी दूध विकत घेतले पाहिजे. पैसा गावात फिरू लागला की शेवटच्या घरापर्यंत जातो. थोडा वेळ लागतो, इतकेच. आणि पातळ दूध सोडून दिले तर भीमराव भागीदारीत राहणार नाहीत. मग यंत्रही नाही आणि कौलेही नाहीत.

नावांचे दाजींशी बोल. घरातल्या गोष्टीत मी कसा पडू?

मुले वाळली, बसून राहिली असे तू लिहितेस. अक्का, तू मायाळू आहेस, तुला सगळीच मुले वाळलेली दिसतात. आईलाही आपण तशीच दिसत होतो. मोजलेले काही असेल तर पाठव, ते मी वाचेन.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

श्रीकांत

॥

श्री

हुबळी, ता. २१ जून १९३७

ती. सौ. वन्संच्या सेवेशी, सुलभाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहिते आहे. यांना माहीत नाही. विचारले तर सांगेन.

तुमचे पत्र दुकानात वाचले गेले तेव्हा मी आतल्या दाराशी होते. भीमराव हसले आणि म्हणाले, तुमच्या बहिणीला गुंड्यांऐवजी ताकाची पिंपे पाठवा. हे हसले नाहीत, पण त्यांनी भीमरावांना थांबवलेही नाही. त्या रात्री जेवताना पान तसेच बाजूला सारले. म्हणजे तुमचे लिहिणे लागले आहे, पण कबूल करायला जड जाते आहे.

तुम्हांला ठाऊक आहेच की आमच्या परसात एक म्हैस आहे. तिचे दूध केंद्रावर जात नाही. आमच्याकडे घुसळणे होते, कारण शेवटचा भात ताकाशिवाय यांच्या घशाखाली उतरत नाही. हे मी एकदा बोलून दाखवले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वन्सं, मोजलेले वाचीन असे त्यांनी तुम्हांला लिहिले आहे. तेव्हा तुम्ही मोजाच. माझ्या माहेरी धारवाडला मागे लहान मुलांचा सप्ताह झाला होता. डॉक्टरीणबाई मुलांना काट्यावर बसवून वजन लिहून घेत आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावत. वाढते मूल वजनात वाढलेच पाहिजे, न वाढले तर त्याला खायला कमी पडते, असे त्या सांगत. केंद्रावर दुधाच्या घागरी तोलायचा काटा आहे. त्याला एक झोळी बांधली की झाले.

मालतीस आशीर्वाद. मला तुमच्यातली समजत राहा.

सुलभा

॥

श्री

हिरेकोप्प, ता. १२ नोव्हेंबर १९३७

चि. श्रीकांत यास अ. उ. आ.

दिवाळी आम्ही केली नाही. कारण पुढे येईल.

तू मोजलेले मागितलेस. जूनच्या शेवटी मालती, सीता आणि मी केंद्रावर गेलो. तुझ्या माणसाने काटा द्यायला कुरकुर केली. मी म्हटले, पडवी माझ्या घरची आहे. काट्याला झोळी बांधली. ज्यांच्या घरी जनावर नाही अशा घरांतली पाच वर्षांच्या आतली सगळी मुले आणली, एकूण चव्वेचाळीस. नाव, आईचे नाव आणि वजन रत्तलात, असे मालतीने पाटीवर आणि मग वहीत लिहिले. मुलांना गंमत वाटली. यांना वाटली नाही. बायको गावची पोरे तोलते म्हणून चहाच्या दुकानात हसले गेले, आणि ते दुकान सोडून हे दोन महिने घरीच चहा घेत होते.

गेल्या आठवड्यात पुन्हा तोलले. चार महिने झाले. आठ मुले वाढली. त्यांतल्या पाचांच्या आया आमच्याकडे आणि सोनाबाईंकडे भांडी घासतात. घरापुरते दूध आम्ही आता केंद्रावर पाठवत नाही, त्यातले थोडे त्यांना मिळते. सव्वीस मुले होती तिथेच आहेत. नऊ मुले उतरली. जूनमध्ये बोलू न शकणारे मूल आज बोलते आणि वजन तेवढेच, असे आहे. बेरीज तू करशीलच. त्रेचाळीस येते.

चव्वेचाळिसावी गंगव्वा होती. श्रावणात गावात गोवर आला, तेव्हा अठरा मुलांना झाला, सतरा उठली. धारवाडला नेली होती. डॉक्टरांनी गोवर म्हणूनच लिहिले. ताक नव्हते म्हणून ती गेली असे मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. ते एवढेच म्हणाले की अंगात काही उरले नव्हते, आणि तिला काय खायला देत होता असे सीतेला विचारले. सीतेने खरे ते सांगितले. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, डॉक्टरांनी विचारले तेव्हा चोरी केल्यासारखी लाज वाटली. ती लाज सीतेला वाटली, श्रीकांत. जिच्या हातून काही वाईट झाले नाही तिला.

कौले आम्हीही मोजली. आता सतरा घरांवर आहेत. ती खोटी नाहीत, शाळेत जाणारी मुलेही खोटी नाहीत. पण पैसा शेवटच्या घरापर्यंत जातो असे तू लिहिलेस. शेवटचे घर कोणते ते मला माहीत आहे, रोज दिसते. तिथे थोडा वेळ लागेल असे तू म्हणालास. दोन वर्षांच्या मुलीकडे किती वेळ असतो?

वहीची नक्कल सोबत आहे. ही पण चार माणसांत वाच.

अक्का

॥

श्री

हुबळी, ता. २० नोव्हेंबर १९३७

ती. सौ. अक्कास नमस्कार.

हे पत्र मी दुकानात फोडले नाही. वही दोनदा वाचली.

मुलीचे ऐकून फार वाईट वाटले. पण गोवर सगळ्या मुलुखात होता. हुबळीतही मुले गेली, आणि इथे यंत्र नाही. त्याचा दोष केंद्राला देणे बरोबर नव्हे. सीतेच्या नावाने दहा रुपयांची मनिऑर्डर केली आहे. तिला म्हणावे, श्रीकांतअण्णाने पाठवले.

प्रकृतीस जप.

श्रीकांत

॥

हिरेकोप्प, ता. ३ डिसेंबर १९३७

श्रीकांतअण्णांना सीता महादेव हिचा नमस्कार.

पत्र मालतीवहिनींच्या हातचं आहे, बोलणं माझं आहे. अक्कांना लिहायला दिलं नाही, त्या त्यांचं घालतात.

तुमचे रुपये पोस्टमनला परत दिले. तुम्ही वाईट मनानं पाठवले नाहीत हे समजतं. पण ते घेतले तर हिशेब मिटला असं होईल.

तुम्ही अक्कांना लिहिलं होतं की ताक म्हणजे दान. अक्काही दानच म्हणतात. दोघांचं चुकतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून अक्कांच्या घरची रवी ओढली, नऊ वर्षं. सोनाबाईंच्या घरची माझ्या सासूनं ओढली. आम्ही सातजणी होतो आणि बारा घरं होती. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक आमच्या. त्याचं आम्हांला ताक मिळायचं. कुणी मजुरी म्हटलं नाही, कारण पैसे नव्हते. पण आम्ही एक दिवस गेलो नाही तर त्या दिवशी ताकही नसायचं. दान असं असतं का, अण्णा?

यंत्र आलं, खांदा माझाही वाचला. यंत्राला मी शिवी देत नाही. पण दोरी दोघींच्या हातून सुटली आणि पैसा एकाच घरी गेला. आमच्या कामाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. अक्कांनी पण आधी ताकाचंच विचारलं.

गंगव्वाचं मी तुमच्यावर घालत नाही. तिला गोवर झाला. पण दुसरी दोन आहेत. त्यांच्यासाठी पातळ दूध मागते, उरलेलं म्हणून नको, आमचं म्हणून.

चूक झाली तर माफी असावी. माझी चूक दिसत नसेल तर तसं कळवावं.

सीता

॥

श्री

हुबळी, ता. ८ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्काच्या चरणी श्रीकांतचा शि. सा. न. वि. वि.

सीतेच्या पत्राला उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. म्हणून तुलाच लिहितो.

संक्रांतीपासून हिरेकोप्पातले पातळ दूध गावातच राहील. रोज सकाळी केंद्रावर वाटावे, कोणाला किती ते तू आणि सीता ठरवा. खळ्यावरच्या चादरी उचलायला सांगितले आहे. सटवाजीला काढणार नाही, मलईचे डबे स्टेशनावर न्यायला ठेवू. दूध जी बाई घालील तिचे नाव वहीत येईल आणि पैसे तिच्या हातात पडतील. दाजींना मी वेगळे लिहिले आहे, ते रागावतील.

भीमरावांशी यावरून जोराचे भांडण झाले. त्यांना समजावले की अक्काचे गाव आहे, तिथे माझा इलाज नाही. तू मला लहानपणी न्हाऊ घातले आहेस, तुझ्यापुढे मी किती दिवस ताठ राहणार? एवढे तुझ्यासाठी केले, आता मनातून काढून टाक आणि संक्रांतीला ये. तीळगूळ तुझ्याच हातचा हवा.

तुझा श्रीकांत

॥

श्री

हुबळी, ता. २६ जानेवारी १९३८

ती. सौ. वन्संना सुलभाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन गेलात आणि घर पुन्हा घरासारखे वाटले. हे तुम्हांला गाडीत बसवून आले ते गुणगुणत आले. म्हणून हे पत्र लिहिताना हात अडतो. पण तुम्ही माझ्यापासून कधी काही लपवले नाहीत, तेव्हा मीही लपवत नाही.

यांनी दोन नवी यंत्रे मागवली. फेब्रुवारीत सण्णकोप्प आणि माविनगट्टी इथे केंद्रे सुरू होणार. तिथले सगळे पातळ दूध भीमरावांकडे जायचे ठरले आहे, चादरी इथूनच शिवून गेल्या. हिरेकोप्पात जे सुटले ते तिकडून भरून काढायचे. मी विचारले की तिथे मुले नाहीत का. हे म्हणाले, हिरेकोप्पाचे घरचे म्हणून केले, सगळीकडे तसे केले तर धंदा कसा होईल.

माझे नाव सांगितलेत तरी चालेल.

सुलभा

॥

श्री

हिरेकोप्प, ता. ३ फेब्रुवारी १९३८

चि. श्रीकांत यास सुशीलाअक्काचे अ. उ. आ.

संक्रांतीला तुझ्या घरी मी पोटभर जेवले आणि मनभर हसले. तीन आठवडे इथे रोज सकाळी पातळ दुधाची घागर निघते. सीता माप धरते आणि कोणाला एक थेंब जास्त देत नाही, स्वतःच्या मुलांनाही नाही. सोनाबाईंनी स्वतःच्या नावाचे पैसे घेताना अंगठा उठवला आणि तो पुसायलाच तयार होईनात. मी मनात तुझी दृष्ट काढत होते. मग सण्णकोप्पचे समजले. सुलभाने कळवले, तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या घरात तुला खरे सांगणारे कोणी आहे हे तुझे नशीब.

आता मला समजले की तू वही वाचली होतीस पण मुले वाचली नव्हतीस. त्रेचाळीस मुलांची वजने बघून तू जर दूध सोडले असतेस तर ते सण्णकोप्पातही सोडले असतेस, कारण तिथली मुलेही तेवढेच खातात. तू सोडलेस ते बहिणीला ओवाळणी घालावी तसे. सीतेने तुला एवढे स्पष्ट लिहिले की हे दान नव्हे, आणि तू पुन्हा दानच केलेस. या वेळी फक्त ते मला केलेस. मी ते घेऊन तुझ्या पाटावर बसून गूळपोळी खाल्ली, याचा मला जास्त राग आहे.

तुझ्या यंत्राबद्दल माझे मत फिरलेले नाही. ते चांगले आहे. आईच्या वेळी असते तर मी वेणी घालायला नव्हे, नुसत्या गप्पा मारायला तिच्यापाशी बसले असते. त्याने वाचवलेले कष्ट आणि वाढवलेला पैसा या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण वाचलेले आणि वाढलेले कुठे जायचे हे यंत्र ठरवत नाही, तू ठरवतोस. इतके दिवस तू यंत्राच्या मागे उभा राहून बोलत होतास, म्हणून मी यंत्राशी भांडत होते. माझे इतके दिवस फुकट गेले.

भीमराव भागीदारी सोडतील असे तू पुन्हा लिहिशील. हिरेकोप्पात ते सोडणार होते आणि सोडली नाही. दूध घरात घुसळायचे की केंद्रावर घालायचे हे अजून बायकांच्या हातात आहे. हे सण्णकोप्पच्या बायकांना माहीत नसेल तर त्यांना सांगायला कोणीतरी जायला हवे.

सोमवारी सकाळी न्याहारी करून सीता, मालती आणि मी गाडी जुंपून सण्णकोप्पला निघतो आहोत. हे स्वतः गाडी हाकणार आहेत. दोन दिवस धुमसले, मग म्हणाले, तुम्हांला रस्ता माहीत नाही. तिथे आमच्या ओळखीचे कोणी नाही. देवळात उतरू. पाच वर्षांच्या आतली सगळी मुले तोलायची, नावे लिहायची आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तोलायची. त्यानंतर माविनगट्टी. तू पुढे जिथे जिथे यंत्र लावशील तिथे आम्ही वही घेऊन येऊ. मी तुझी बहीण आहे हे तिथे कोणाला सांगणार नाही.

केंद्रावरचा काटा आम्हांला वापरू द्यावा, असे तुझ्या सण्णकोप्पच्या माणसास रविवारच्या आत लिहून कळव. कळवले नाहीस तर अळणावरच्या वाण्याचा काटा मागून ठेवला आहे, तो गाडीत टाकू.

अक्का